तराजू, पाणी आणि प्याला : हिब्रू स्तोत्रांतील देवाचा न्याय आणि आपले दिव्य

‘त्याने मोठे दिव्य केले’, ‘ती कसल्या दिव्यातून गेली ते तिचे तिलाच ठाऊक’, असे आपण रोज बोलतो. हे ऐकून कोणी समोरच्याचा तळहात उलटा करून फोड आले आहेत का ते पाहत नाही. तीनशे वर्षांपूर्वी मात्र पाहिले असते. उकळत्या तेलातुपात टाकलेला धातूचा रवा उघड्या हाताने काढायचा, मग हात पिशवीत घालून तिच्यावर मोहर करायची आणि ठरल्या दिवशी मोहर फोडून हात तपासायचा, हे रवादिव्य मराठी मुलखातील न्यायाच्या कामाचा रीतसर भाग होते. ते काम संपले. शब्द तेवढा उरला, आणि कष्ट, सत्त्वपरीक्षा, सहनशक्ती अशा अर्थांनी सुखाने नांदतो आहे.

हा उरलेला शब्द हाताशी धरून मी गेली काही वर्षे हिब्रू स्तोत्रे वाचतो आहे. हिब्रू मी कुठल्या विद्यापीठात शिकलो नाही. अक्षरे गिरवून, शब्दकोश चाळून, ओळीखाली शब्दार्थ दिलेल्या प्रतीवर बोट ठेवून जे साधले तेवढेच. पण धर्मशास्त्रातले व्यवहारप्रकरण आणि मराठ्यांच्या काळातले निवाडे यांची थोडी ओळख आधी झालेली होती, म्हणून या स्तोत्रांत मला जे दिसले ते नुसते बायबल वाचणाऱ्याला चटकन दिसेलच असे नाही. ते येथे मांडतो.

ज्यूंच्या ज्या ग्रंथाला हिब्रूत ‘तहिल्लीम’ म्हणतात आणि मराठी बायबलात ‘स्तोत्रसंहिता’, त्यात 150 स्तोत्रे आहेत. ती एका हातची नाहीत, एका काळातलीही नाहीत. शांत, मायाळू स्तोत्रे त्यात आहेतच, पण देवाच्या न्यायाची चित्रे इतकी दाट आणि इतकी कडक आहेत की नवखा वाचक बिचकतो. देव धनुष्य वाकवून बसला आहे, त्याच्या हातात फेसाळ दारूचा प्याला आहे आणि दुष्टांना तो गाळासकट प्यावा लागणार आहे, माणसे तराजूत घातली तर पारडे वर जाते, वाईट लोक वाऱ्यावर उडणाऱ्या भुशासारखे आहेत, आगीपुढच्या मेणासारखे आहेत. यावरून पुष्कळांनी निष्कर्ष काढला की हा रागीट देव आहे आणि त्याच्या धाकात राहणाऱ्या माणसांनी ही कविता लिहिली.

मला हा निष्कर्ष मुळातच उलटा वाटतो. ही धाकात राहणाऱ्याची भाषा नाही, ही फिर्यादीची भाषा आहे. ज्याचे गाऱ्हाणे गावात कोणी ऐकले नाही असा माणूस येथे बोलतो आहे, आणि देवाने न्यायासनावर बसावे अशी त्याला घाई झालेली आहे.

याचा पहिला पुरावा शब्दातच आहे. हिब्रूत ‘शाफाट’ म्हणजे न्याय करणे आणि ‘मिश्पाट’ म्हणजे न्याय, निवाडा. याच धातूवरून ‘शोफेट’ हा शब्द होतो, आणि बायबलातल्या ज्या पुस्तकाचे नाव इंग्रजीत न्यायाधीशांवरून पडले, त्याला मराठी अनुवादकांनी ‘शास्ते’ असे नाव दिले. ते चांगले केले, कारण त्या पुस्तकातले शोफेट फारसे निवाडे देतच नाहीत. शत्रूने गांजलेल्या लोकांना सोडवतात, घडी बसवून देतात. म्हणजे ‘शाफाट’मध्ये शिक्षा ठोठावण्याआधी सोडवणूक आहे. 68व्या स्तोत्रात देवाला पोरक्यांचा बाप आणि विधवांचा न्याय करणारा म्हटले आहे. विधवांना शिक्षा करणारा असा अर्थ तेथे कोणीही घेणार नाही. 96 आणि 98 या स्तोत्रांत देव पृथ्वीचा न्याय करायला येतो आहे म्हणून रानातली झाडे गातात, नद्या टाळ्या वाजवतात. शिक्षा व्हायची म्हणून कोणी टाळ्या वाजवत नाही, रखडलेला दावा अखेर पुकारला गेला म्हणून वाजवतात.

इंग्रजी वाचकाला हे समजावून सांगावे लागते. सी. एस. लुइस यांनी 1958 साली स्तोत्रांवर लिहिलेल्या पुस्तकात ते सांगितले : ख्रिस्ती माणूस देवाच्या न्यायाची कल्पना करतो तेव्हा स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात पाहतो, स्तोत्रकार मात्र दिवाणी दाव्यातला वादी असतो. मराठी वाचकाला एवढ्या खुलाशाची गरज पडू नये. आपल्याकडे न्याय ‘मागतात’, तो ‘मिळतो’ किंवा मिळत नाही.

मराठीत एक व्यक्ती अशी होऊन गेली की जिला संस्कृत आणि हिब्रू या दोन्ही भाषांतील मूळ ग्रंथ वाचता येत होते. पंडिता रमाबाई. अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या या लेकीने केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल साध्या मराठीत आणले. 1922च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या आणि 1924 साली तो अनुवाद प्रसिद्ध झाला. त्यांना धर्मशास्त्राशी तुलना करायची नव्हती, खेड्यातल्या बाईला कळेल असे बायबल द्यायचे होते. तुलनेचे काम आपल्यासारख्यांना करायला मोकळे राहिले.

आता न्याय कुठे होत असे ते पाहू. प्राचीन इस्राएलात तो गावच्या वेशीत होई. वडीलधारी माणसे वेशीत बसत, वादी-प्रतिवादी तेथे येत, साक्षीदार तेथेच उभे राहत. रूथच्या गोष्टीत जमिनीचा आणि लग्नाचा व्यवहार असाच वेशीत दहा वडिलांपुढे पुरा होतो. 127व्या स्तोत्रात ज्याला पुष्कळ मुलगे आहेत तो वेशीत शत्रूशी बोलताना खाली पाहत नाही असे म्हटले आहे. यातली व्यावहारिक बाजू कुठल्याही चावडीवर बसलेल्या माणसाच्या लक्षात येईल : ज्याच्या पाठीशी चार धट्टेकट्टे मुलगे, त्याचे म्हणणे जरा जास्त ऐकले जाते. मग ज्याला मुलगे नाहीत, भाऊबंद नाहीत, त्याने काय करायचे?

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचे नाव खानदेशात कोणाला सांगायला नको. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 साली काढला, 1926च्या अखेरच्या दिवशी धुळ्यातच देह ठेवला आणि पुढल्याच वर्षी त्यांच्या नावाचे मंडळ उभे राहिले. त्यांनी आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी जमवलेल्या महजरांतून आणि निवाडपत्रांतून मराठी गावचा न्याय कसा चाले ते कळते. वि. त्र्यं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरचा 1953चा इंग्रजी ग्रंथ अशाच कागदांवर उभा आहे. क्रम साधारण असा : लेखी कागद, वहिवाट, साक्षीदार. याज्ञवल्क्य स्मृतीत सांगितलेली प्रमाणे हीच, आणि यातले काहीच नसेल तेव्हा दिव्य. दिव्य हा न्यायाचा पहिला मार्ग नव्हता, माणसांची अक्कल संपल्यावरचा शेवटचा मार्ग होता. पैठणच्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठांच्या ‘व्यवहारमयूखा’त, म्हणजे सतराव्या शतकातही, त्याला जागा आहे.

अगदी हीच सोय हिब्रू कायद्यात दिसते. अनुवाद या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात सांगितले आहे की वेशीत सुटत नाही असे प्रकरण देवाने निवडलेल्या ठिकाणी, याजकांपुढे न्यावे. मंदिर उभे राहिल्यावर शलमोन जी प्रार्थना करतो तिच्यातही हे आहे : एखाद्यावर शपथेची पाळी आली आणि तो वेदीपुढे आला, तर देवाने स्वतः ऐकावे आणि दोषी-निर्दोष वेगळे करावेत. आपल्याकडे खंडोबापुढे बेलभंडार उचलून शपथ घेत, नदीच्या पात्रात उभे राहून घेत, त्याच जातीची ही गोष्ट.

आता हे मनात ठेवून सातवे स्तोत्र वाचा. बोलणारा म्हणतो, माझ्या हातून अन्याय घडला असेल, मी मित्राचे वाईट केले असेल, तर शत्रूने माझा पाठलाग करावा आणि मला मातीत तुडवावे. आणि लगेच पुढे : देवा, उठ, माझा न्याय कर. जर-तरची ही स्वतःवरची शापवाणी म्हणजे काव्यातला आवेश नव्हे. शपथेचा हा ठरीव साचा आहे. दिव्याच्या वेळी आरोपाचा मजकूर लिहून तो कागद दिव्य करणाऱ्याच्या डोक्यावर ठेवत, कारण कशाबद्दल परीक्षा आहे ते देवाला आणि गावाला स्पष्ट हवे. सातव्या स्तोत्रात तो मजकूर तोंडी आला आहे. सव्विसाव्या स्तोत्रातला माणूस निर्दोषपणाची खूण म्हणून हात धुतो आणि वेदीभोवती फिरतो. सतराव्यात तो म्हणतो की तू मला रात्री येऊन तपासलेस, आणि शेवटी सकाळी जाग आल्यावर तुझे रूप पाहीन अशी आशा धरतो. आरोप आलेला माणूस देवळात रात्र काढतो आहे आणि सकाळी निकाल आहे, असे चित्र डोळ्यांपुढे येते. हान्स श्मिट या जर्मन अभ्यासकाने 1928 साली हेच मांडले : यातली काही स्तोत्रे म्हणजे मंदिरात निवाड्याची वाट पाहणाऱ्या आरोपींच्या प्रार्थना आहेत.

दिव्यांचे प्रकार स्मृतीत पाच आहेत : तुला, अग्नी, जल, विष, कोश. स्तोत्रांतल्या चित्रांशी त्यांची सांगड घालताना गंमत येते ती सारखेपणापेक्षा फरकामुळे.

तुलेचेच घ्या. तुलादिव्यात माणसाला तराजूत बसवून त्याचे वजन घेत, खाली उतरवून मंत्र म्हणत आणि पुन्हा बसवत. दुसऱ्या वेळी पारडे वर गेले तर तो शुद्ध, खाली गेले तर दोषी. पाप म्हणजे ओझे, हा हिशेब. आता 62वे स्तोत्र : सामान्य माणसे आणि मोठी माणसे, सगळी एकत्र तराजूत घातली तरी पारडे वर जाते, श्वासापेक्षाही हलकी! येथे वर जाणे म्हणजे कवडीमोल ठरणे. तराजू तोच, हालचाल तीच, अर्थ नेमका उलट. कारण हिब्रूत मानमरातबाला ‘कावोद’ म्हणतात आणि त्याचा धातू जड असण्याचा आहे. ज्याला अस्तित्वात काही दम आहे तो जड.

पहिले स्तोत्र यामुळे नीट उलगडते. दुष्ट लोक भुशासारखे, वाऱ्याने उडणारे, आणि पुढच्याच ओळीत : म्हणून ते न्यायाच्या वेळी टिकणार नाहीत. भुसा आणि न्यायसभा यांचा काय संबंध, असे शहरातल्या वाचकाला वाटेल. भडगावच्या बाजूला गिरणाकाठी ज्याने दादरीचे खळे पाहिले आहे त्याला वाटणार नाही. मळणी झालेला माल टोपल्यात घेऊन माणूस उंचावर उभा राहतो, वाऱ्याचा अंदाज घेतो आणि धार सोडतो. दाणा पायाशी पडतो, भुसा वाऱ्याबरोबर लांब जातो. कोणी कोणाला मारत नाही. ज्याला वजन आहे तो जागेवर राहिला, एवढेच. हा राग नव्हे, ही निवड आहे. बहिणाबाईंनी ‘उपननी’वर कविता केली ती काही उगाच नाही, शेतकऱ्याच्या वर्षातला तो निकालाचा दिवस असतो. आजकाल मळणीयंत्र एका तोंडाने दाणा आणि दुसऱ्या तोंडाने भुसा टाकते, वाऱ्याची वाट पाहावी लागत नाही, त्यामुळे हे चित्र आणखी एका पिढीनंतर आपल्याकडेही टीप देऊन सांगावे लागेल.

मराठीत मात्र दोन्ही हिशेब शेजारी शेजारी राहतात. पापाचे ओझे होते आणि कबुली दिल्यावर मन हलके होते, हा तुलादिव्याचा हिशेब. गावात एखाद्याचे वजन असते आणि दुसरा हलक्या मनोवृत्तीचा निघतो, हा स्तोत्राचा.

पाण्याचेही असेच. हम्मुराबीच्या संहितेतला दुसराच नियम नदीदिव्याचा आहे : चेटकाचा आरोप आलेल्याने नदीत उडी घ्यावी, नदीने ओढून नेले तर त्याचे घर फिर्यादीला, वाचला तर फिर्यादीला मृत्युदंड. म्हणजे बुडणारा दोषी. आपल्या जलदिव्यात पाण्यात उभ्या असलेल्या माणसाची मांडी धरून बुडी मारायची, तेवढ्यात बाण सोडायचा आणि वेगवान माणसाने तो परत आणेपर्यंत जो पाण्याखाली राहील तो शुद्ध. वर येणारा दोषी. युरोपात चेटकिणींना पाण्यात टाकत तेव्हा तरंगणारी दोषी ठरे. नदी एकच, पण तिच्या तोंडी प्रत्येक मुलखाने वेगळा निवाडा घातला आहे.

69व्या स्तोत्रात माणूस गळ्यापर्यंत पाण्यात आहे, पायाखाली चिखल आहे, आणि त्याच श्वासात तो म्हणतो की जे मी चोरले नाही ते भरून द्यावे लागते आहे. बुडणे आणि चोरीचा आरोप असे एकत्र कसे आले? पी. काइल मॅकार्टर यांनी 1973 साली एका लेखात अशा उताऱ्यांमागे मेसोपोटेमियातल्या नदीदिव्याची आठवण असल्याचे सुचवले. हम्मुराबीचा हिशेब लावला तर ते पटते : मला बुडू देऊ नकोस, म्हणजेच मला खोटा ठरू देऊ नकोस.

तिसरे, प्याला. कोशदिव्यात उग्र देवतांना स्नान घातलेले पाणी तीन ओंजळी पाजत आणि चौदा दिवस वाट पाहत. तेवढ्यात राजाकडून किंवा दैवाकडून संकट आले नाही तर तो निर्दोष. हिब्रू बायबलात गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात याचे जवळचे भावंड आहे : नवऱ्याला संशय आलेल्या बायकोला याजक पवित्र पाण्यात निवासमंडपाच्या जमिनीवरची धूळ टाकून, लिहिलेले शाप त्या पाण्यात धुऊन प्यायला देतो. 75व्या स्तोत्रातला देवाच्या हातातला प्याला या पाण्यावर चढवलेला कळस आहे. पाण्याची दारू झाली, संशयिताच्या जागी जगातले सगळे दुष्ट आले, पण पोटात गेलेले पेय निकाल देते ही कल्पना तीच.

येथे एक इशारा. हिब्रूत प्याल्याला ‘कोस’ म्हणतात. कोस आणि कोश! दिवाळी अंकांच्या वाचकांना हे नवे नाही की एवढ्या भांडवलावर आपल्याकडे ग्रंथ लिहिले गेले आहेत आणि जेरुसलेमपर्यंत वैदिक साम्राज्य पसरवले गेले आहे. ध्वनी जुळला म्हणून नाते जुळत नाही. हिब्रू आणि संस्कृत ही वेगळ्या कुळांतली भाषा, आणि हा योगायोग आहे. दोन समाजांसमोर एकच अडचण होती, साक्षीदार नाही आणि निवाडा तर हवा. त्यातून सारखी उत्तरे निघाली.

मग स्तोत्रे म्हणणारे खरोखर नदीत उतरत होते का, प्याला पीत होते का? श्मिटच्या मागे जाणारे हो म्हणायला उत्सुक असतात. मला तसे वाटत नाही, आणि कारण लेखाच्या सुरुवातीला आलेच आहे. उद्या कोणी परदेशी अभ्यासक आजची मराठी पत्रे वाचून म्हणू लागला की एकविसाव्या शतकात महाराष्ट्रात घरोघर दिव्ये होत होती, तर आपण हसू. स्तोत्रातही 66व्या ठिकाणी आम्ही आगीतून आणि पाण्यातून गेलो असे म्हणणारा सबंध समाज आहे, एक माणूस नव्हे. आणि त्याच्या जोडीला चांदी मुशीत गाळल्याचे चित्र आहे. समाज मुशीत बसत नाही. दिव्याची भाषा तेथे आधीच सैल होऊन प्रार्थनेची झाली आहे. मूळ विधी कधीकाळी असेल, नसेल. गाऱ्हाणे मात्र त्याच्या शब्दांत घातले जाते आहे.

दिव्याचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. याज्ञवल्क्य स्मृतीच वाचावी : स्त्रिया, मुले, म्हातारे, आजारी आणि ब्राह्मण यांना तुला, शूद्राला अग्नी, पाणी किंवा विष. देवापुढे जायच्या वाटेवरसुद्धा जात उभी होती. हिब्रू कडू पाण्याचा विधीही फक्त बाईला होता, संशयित नवऱ्याला नव्हता. उकळते तेल निर्दोष हातालाही भाजते हे न कळण्याइतकी माणसे तेव्हाही भोळी नसावीत.

आणि म्हणूनच 82वे स्तोत्र मला या सगळ्या संग्रहातले सर्वांत धीट वाटते. त्यात देव देवांच्याच सभेत उभा राहून इतर देवांवर खटला चालवतो. आरोप काय? त्यांनी दुबळ्याचा, पोरक्याचा न्याय केला नाही, दुष्टांचे तोंड पाहून निवाडे दिले. हिब्रूतला शब्दप्रयोग तोंड वर उचलण्याचा आहे, आपल्या ‘तोंड पाहून’च्या अगदी शेजारचा. शिक्षाही सुनावली जाते : तुम्ही देव असलात तरी माणसांसारखे मराल. पक्षपात करणारा न्यायाधीश देव असला तरी त्याचे देवपण जाते. 94व्या स्तोत्रात तर कायद्याच्या आडून उपद्रव करणाऱ्या सिंहासनाचा उल्लेख आहे. विधवेला आणि परक्याला मारणारे तेथे दरोडेखोर नाहीत, सत्तेवरचे लोक आहेत.

शापांचा प्रश्न उरतो. 109व्या स्तोत्रात शत्रूची मुले भीक मागत फिरोत, त्याचे नाव पुसले जावो, अशी शिव्याशापांची लड आहे, ती वाचवत नाही. आपल्या गधेगाळांवरचा मजकूर आणि चित्रही वाचवत नाही, बघवत नाही. शिलाहार काळापासूनचे हे दगड दान मोडणाऱ्याला घाणेरडा शाप देतात, कारण दानाचे रक्षण करायला दगडाजवळ शिपाई नव्हता. 109बद्दल काही अभ्यासक म्हणतात की ते शाप बोलणाऱ्याचे नसून विरोधकांनी त्याच्यावर घातलेल्या आरोपांचे उतारे आहेत. एवढे मात्र नक्की की त्याची मांडणी कोर्टाची आहे : शापांच्या सुरुवातीला उजव्या हाताला आरोप करणारा उभा राहतो, आणि स्तोत्र संपते तेव्हा गरिबाच्या उजव्या हाताला देव उभा असतो. त्या जागेवर कोण उभे राहणार एवढ्यावरच सगळा खटला आहे. म्हणून शाप सौम्य होत नाहीत, पण ते कोणत्या तोंडून निघाले ते कळते. ज्याच्या हातात काठी आहे तो सहसा शाप देत बसत नाही.

फिर्यादीचा हा आवाज सगळीकडे सारखा नाही. 143वे स्तोत्र देवाला विनवते की तू माझा न्याय करायला बसूच नकोस, कारण तुझ्यापुढे जिवंत माणूस कोणीच खरा ठरणार नाही. 130वे विचारते की तू चुकांचा हिशेब ठेवलास तर टिकेल कोण. येथे वादी स्वतःच प्रतिवादी झाला आहे. ज्यू परंपरेत नव्या वर्षापासून प्रायश्चित्ताच्या दिवसापर्यंतचे दहा दिवस देवाच्या न्यायाचे मानले जातात, आणि त्या दिवसांत 130वे स्तोत्र म्हणण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे.

महाराष्ट्रात हे दिवस शेकडो वर्षे पाळले गेले. कोकणातले बेने इस्राएल, तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले. हिब्रू त्यांच्यात जवळजवळ विसरली गेली होती. जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले ते 1832 साली, आणि जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनांचे मराठी अनुवाद केले ते त्याच शतकाच्या उत्तरार्धात. 1796 साली सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत बांधलेल्या त्यांच्या पहिल्या प्रार्थनामंदिराला पुढे ‘शाआर हारहमीम’ म्हणजे दयेचे द्वार असे नाव मिळाले. त्याच्या कितीतरी आधीपासून, हाती पुस्तक नसतानाही, हे लोक न्यायाचा तो मोठा दिवस पाळत होते. उपास करायचा, पांढरे कपडे घालायचे, दार लावून घरात बसायचे, बाहेरच्या कोणाशी बोलायचे नाही. त्या दिवसाला त्यांनी मराठीत नाव दिले होते ‘दारफाळणीचा सण’. दुसऱ्या दिवशी दारे उघडत, एकमेकांकडे जात, गरिबांना दान देत, आणि त्या दिवसाला ‘शिळा सण’ म्हणत.